पहिली पायरी आणि एकशे आठवी चूक

चिठ्ठीकाका चिडले होते. म्हणजे नेहमीचे चिडले नव्हते, खरोखर चिडले होते. दोन्हींतला फरक फक्त काकूंना कळायचा. नेहमीचे चिडले की काका बोलत सुटत, आणि खरोखर चिडले की चष्मा काढून पुसत बसत. त्या सकाळी चष्मा पुसून पुसून पार लख्ख झाला होता.

त्यांना चिठ्ठीकाका का म्हणतात ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे घोटाळा व्हायचा. काका चौतीस वर्षं विमानदुरुस्तीच्या कारखान्यात तपासनीस होते. तिथला रिवाज असा, की ज्या भागाबद्दल शंका आली त्याला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठी बांधली की मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा साहेब येवो, ते विमान जागचं हलायचं नाही. निवृत्त होताना काकांनी उरलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घरी आणला, आणि इमारतीच्या नशिबाचे भोग सुरू झाले. लिफ्टला चिठ्ठी, जिन्याच्या कठड्याला चिठ्ठी, घरातल्या मिक्सरला चिठ्ठी. एकदा तर सभेच्या आधी त्यांनी सेक्रेटरींच्या खुर्चीला चिठ्ठी बांधली. सेक्रेटरींना वाटलं हा आपल्या कारभारावर शेरा आहे, म्हणून ते मुद्दाम तिच्यावरच बसले. खुर्चीचा मागचा पाय खरंच ढिला होता. तेव्हापासून सेक्रेटरी काकांशी बोलत नव्हते, फक्त सल्ले देत होते.

पण काकांच्या खऱ्या रागाचं मूळ इमारतीत नव्हतं. कारखान्यात दर सोमवारी सकाळी सगळे जमायचे. आठवड्यात ज्याच्या हातून चूक झाली असेल त्यानं विमानाला लावायच्या शिडीच्या पहिल्या पायरीवर उभं राहायचं आणि ती स्वतःच्या तोंडानं सांगायची. कुणी हसायचं नाही, कुणी शिक्षा द्यायची नाही. सांगून झालं की सगळ्यांनी मिळून एकच शब्द म्हणायचा, "ऐकलं." की झालं, चला कामाला. या सगळ्या चुका काकांनी एका जाड वहीत उतरवल्या होत्या. एकशे सात चुका. त्यातल्या अकरा त्यांच्या स्वतःच्या.

मग आला नवा साहेब. त्याला सोमवार म्हणजे वेळेचा अपव्यय वाटला. त्यानं पायरी बंद केली आणि फॉर्म सुरू केला. खीळ लावली? टिक. हत्यारं मोजली? टिक. चार महिन्यांत काकांच्या हाताखालच्या एका मेकॅनिकची दोन बोटं विमानाच्या चाकांवर मिटणाऱ्या झडपेत गेली. फॉर्मवर टिक होती की झडप मिटू नये म्हणून असते ती खीळ लावली आहे, पण खीळ काही लावलेली नव्हती. वहीतली एकोणिसावी चूक, शब्दशः: 'खीळ लावली असं कागद सांगत असला तरी हात घालण्याआधी डोळ्यांनी बघावी.' त्या मेकॅनिकला सगळे मौनी म्हणत, कारण तो दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तर खूप. बोटं गेल्यावर तो तेवढंही बोलेनासा झाला. ती टिक कुणी केली हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. काकांनी साहेबाच्या टेबलाला लाल चिठ्ठी बांधली आणि मुदतीच्या आठ महिने आधी घरी आले.

"ती वही कपाटात कुजून जाणार," काका रोज जेवताना म्हणायचे. "आणि पुन्हा कुणाची तरी बोटं जाणार."

"मग काहीतरी करा," काकू त्या चष्मा पुसायच्या सकाळी म्हणाल्या. "रोज माझ्यापुढे आरडाओरडा करून काय होणार? माझा हात काही विमानाच्या झडपेत जायचा नाही."

बस्स, इथून सगळं सुरू झालं. काकांनी ठरवलं, विमान, रॉकेट, उपग्रह अशा आकाशातल्या कारभाराचं ज्यांना वेड आहे, त्या सगळ्यांसाठी ऑनलाइन शाळा काढायची. शाळा आणि कट्टा दोन्ही. रोज एक धडा, आणि धड्याखाली सगळ्यांनी आपापली चूक सांगायची. नाव 'पहिली पायरी'.

"हे नाव जमिनीवरच राहतं हो," साडू म्हणाले. "आकाश पाहिजे, झेप पाहिजे."

हे साडू म्हणजे काकूंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर विमा विकला आणि निवृत्तीनंतर पंधरा दिवसांचा कॉम्प्युटरचा कोर्स करून त्याचं प्रमाणपत्र दिवाणखान्यात टांगलं. काकांचं आणि त्यांचं लग्नातल्या फोटोपासून पटत नव्हतं, कारण साडू मध्ये उभे राहिले होते. पण वेबसाइट करून देतो म्हणणारा दुसरा कुणी जवळ नव्हता.

"एका कंपनीकडे तयार सांगाडा मिळतो," साडू म्हणाले. "आपण नुसतं आत सामान लावायचं. चला, खातं उघडू."

खातं उघडताना भांडण झालं ते चित्रावरून. साडूंनी बोधचिन्ह म्हणून जे विमान निवडलं होतं ते ढगांतून झेपावत होतं आणि त्याची चाकं खाली होती.

"चाकं!" काका ओरडले. "अहो, एवढ्या उंचीवर चाकं बाहेर? हे विमान उडतंय की रिक्षा शोधतंय?"

"छान दिसतात."

"छान? तुमचे पाय खिडकीबाहेर काढून गाडी चालवा, छान दिसतील!"

"बरं बाबा, बदलतो. तोवर तुम्ही इथे खाली टिक करा आणि पुढे चला."

काकांनी टिक केली आणि पुन्हा चाकांवर आले. चाकांचं भांडण पाऊण तास चाललं आणि शेवटी चाकं आत गेली. काका जिंकले. त्या आनंदात ती टिक ते साफ विसरून गेले, आणि तुम्हीही तूर्त विसरा.

सांगाडा उभा राहिला आणि कंपनीचं पत्र आलं: विमानविषयक शिक्षणासाठी सरकारी प्रमाणपत्र लागेल, ते मिळेपर्यंत साइट तात्पुरती चालू राहील. काका सरकारी कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकूनबाईंनी 'विमान' आणि 'शिकवणे' हे दोन शब्द ऐकले आणि एक चौदा पानी फॉर्म पुढे सरकवला. तो फॉर्म वैमानिक घडवणाऱ्या संस्थांचा होता.

"अहो बाई, मी विमान उडवायला शिकवत नाही. विमानाविषयी शिकवतो, आणि तेही घरात बसून."

"शिकवता ना? मग हाच फॉर्म."

"यात धावपट्टीची लांबी विचारलीय!"

"मग लिहा."

काका खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी लिहिलं: धावपट्टी नाही, गॅलरी अकरा फूट. अग्निशामक बंब: एक बादली. वाऱ्याची दिशा दाखवणारे साधन: वाळत घातलेले कपडे. ताफ्यातील विमाने: शून्य. खात्री म्हणून 'शून्य' या आकड्याखाली सही.

इमारतीत बातमी पसरायला जिना पुरेसा होता. सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीवर काही उतरवायचं नाही अशी लेखी सूचना लावली. समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी मात्र पहिल्या दिवशीच साइटवर नाव नोंदवलं, आणि रॉकेट पुढे जातं ते मागच्या हवेला ढकलून, असं ठणकावून लिहिलं. काकांनी लिहिलं, हवा नसते तिथेही रॉकेट चालतं, स्वतःचा धूर जोरात मागे फेकतं म्हणून ते पुढे जातं. डॉक्टरांनी लिहिलं, आपापलं मत असतं. मत! काका त्या दिवशी जेवले नाहीत.

महिन्याभरात दोनशे बारा सभासद झाले. काकांनी वहीतले वीस धडे टाकले, आकृत्या स्वतःच्या हातानं काढून. एकोणिसाव्या धड्याच्या खिळीची आकृती तर सात वेळा काढली. आणि सभासदांनी काय करावं? एकानं लिहिलं, मी वैमानिकच व्हायचो पण चष्मा लागला. दुसऱ्यानं लिहिलं, माझ्या मेहुण्याच्या मित्रानं वैमानिकाबरोबर चहा घेतलाय. सेक्रेटरींनी तळमजल्यावरच्या गाड्या नीट लावण्याविषयी पाच कलमी निवेदन टाकलं, आणि त्याला सगळ्यांत जास्त उत्तरं आली. चूक? छे! दोनशे बारा माणसांत एकाच्याही हातून जन्मात चूक झाली नव्हती. मौनीनंही नाव नोंदवलं होतं, तिसऱ्या क्रमांकावर. पण जो समोर बसून बोलत नाही तो तिथे काय बोलणार, असं म्हणून काका पुढे गेले.

अशात एका दुपारी सरकारी इन्स्पेक्टर आले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कितीही झालं तरी तपासणी, आणि तपासणीचा मान ते जाणत होते. टेबलावर वही, बाजूला वीस धड्यांच्या छापील प्रती, गॅलरीत बादली भरलेली.

इन्स्पेक्टर दारातून दोन पावलं आत आले. "हीच का संस्था?" म्हणाले, पाकिटातून कागद काढला, चपलांच्या कपाटावर ठेवून सही केली आणि काकांच्या हातात दिला. "अभिनंदन. सर्व सुविधा समाधानकारक."

काकांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या, पण उशीर झाला होता.

"तुम्ही काय बघितलंत?"

"म्हणजे?"

"सर्व सुविधा समाधानकारक. कुठल्या सुविधा? धडे बघितलेत? एक आकृती बघितलीत? निदान बादली तरी!"

"अहो काका, मंजुरी दिलीय तुम्हाला. घ्या ना."

"न बघता सही!" काकांचा आवाज चौथ्या मजल्यावर पोचला. "अशाच एका न बघता केलेल्या टिकेनं माणसाची दोन बोटं गेली, माहीत आहे? न बघता सही करणारा माणूस चोरापेक्षा वाईट. चोर निदान काय उचलतोय ते बघतो तरी!"

इन्स्पेक्टर जिना उतरत असताना काकांनी त्या प्रमाणपत्राला लाल चिठ्ठी बांधली, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी खिडकीसमोर उभे राहिले.

"तक्रार कुणाविरुद्ध?" कारकूनबाईंनी विचारलं.

"माझ्या मंजुरीविरुद्ध."

"नामंजुरीविरुद्ध."

"मंजुरीविरुद्ध! मला मंजुरी मिळालीय, आणि ती रद्द करून माझी नीट तपासणी करा अशी माझी तक्रार आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या सगळ्या नोकरीत असा अर्ज आला नव्हता, आणि त्यासाठीचा फॉर्मही नव्हता. तो तयार करायला सतरा दिवस गेले. पुढे दुसरे इन्स्पेक्टर आले, मुळात रागीट, त्यात पहिल्यांच्या जागी यावं लागलं म्हणून आणखी तापलेले. त्यांनी गॅलरी फुटपट्टीनं मोजली, दहा फूट दहा इंच भरली, आणि खोटी माहिती दिल्याबद्दल खुलासा मागितला. काका खूश! असा तपासनीस हवा. खुलासा झाला, फेरखुलासा झाला, वीसच्या वीस धडे वाचून झाले, बादलीला गळती निघाली, नवी बादली आली. शेवटी खणखणीत प्रमाणपत्र हातात पडलं तेव्हा साइट सुरू होऊन त्र्याण्णव दिवस झाले होते.

काका जिन्यात पेढे असल्यासारखं ते प्रमाणपत्र दाखवत वर आले आणि साइट उघडायला बसले. साइट नव्हती.

साइटच्या जागी एक चकचकीत पान होतं. 'आकाशझेप: तज्ज्ञांचे वीस धडे. आजच प्रवेश घ्या.' खाली पहिला धडा, दुसरा धडा, एकोणिसाव्या धड्यात ती सात वेळा काढलेली खीळ. काकांचं नाव कुठेही नाही. आणि वर ढगांतून झेपावणारं विमान, चाकं बाहेर.

"चोर!" काका इतक्या जोरात ओरडले की समोर डॉक्टरांच्या खुर्चीतल्या पेशंटनं तोंड मिटलं. काकांनी कंपनीला फोन लावला. साडूंना बोलावलं, साक्षीदार म्हणून. काकू आपण होऊनच येऊन उभ्या राहिल्या. फोन मोठ्यानं ऐकू येईल असा ठेवला होता, म्हणजे कंपनीची अब्रू चारचौघांत जावी.

"सर, कलम एकतीस," फोनवरची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली. "नव्वद दिवसांत प्रमाणपत्र आलं नाही तर साइटवरचं सर्व साहित्य कंपनीचं होतं. हे अटींमध्ये आहे."

"कुठल्या अटी? मला कुणी अटी दाखवल्या?"

"दाखवल्या सर. बेचाळीस पानं. खाली आपण टिक केली आहे, 'मी सर्व अटी वाचल्या असून मला मान्य आहेत.' सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी."

साडूंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"ते पान," काकांनी विचारलं, आणि आता त्यांचा आवाज फार खाली आला होता, "ते पान माझ्यासमोर किती वेळ उघडं होतं?"

फोनवरच्या बाईनं बघून सांगितलं. "दोन सेकंद, सर."

काकांनी फोन ठेवला. चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. साडू म्हणाले, "सगळेच करतात हो, त्या अटी कोण वाचतं?" हे त्यांनी समजूत घालायला म्हटलं होतं. काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की साडू चहा न घेताच निघाले.

दोन दिवस काका कुणावरही ओरडले नाहीत. घर भयाण झालं. लिफ्ट मध्येच अडकली तरी चिठ्ठी लागली नाही, तेव्हा सेक्रेटरीसुद्धा येऊन चौकशी करून गेले. तिसरा दिवस सोमवार होता. सकाळी काकू चहा घेऊन आल्या तर काकांनी माळ्यावर चढायची शिडी खोलीच्या मध्यभागी उभी केली होती आणि ते पहिल्या पायरीवर उभे होते, शर्टाच्या खिशाला लाल चिठ्ठी बांधून.

"अहो, पडाल!"

"बसा," काका म्हणाले. "चूक क्रमांक एकशे आठ. मी न वाचता टिक केली. मी दुसऱ्याच्या चाकांवरून भांडत होतो आणि समोर काय आहे ते बघितलं नाही. ज्या माणसाला मी चोरापेक्षा वाईट म्हटलं तो निदान दारातून दोन पावलं आत आला होता. मी तेवढाही आत गेलो नाही. आणि माझ्या वीस धड्यांचं जे झालं ते माझ्यामुळे झालं. संपलं."

काकूंनी कपबशी टेबलावर ठेवली. चौतीस वर्षं त्यांनी त्या सोमवारांबद्दल नुसतं ऐकलं होतं, एकदाही बघितलं नव्हतं. तरी त्यांना बरोबर शब्द सुचला. "ऐकलं," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी साडूंना पुन्हा बोलावणं गेलं. नवी कंपनी शोधली आणि तिच्या अटी काकांनी चार दिवस बसून वाचल्या, साडूंनाही वाचायला लावल्या, दोघांनी प्रत्येक पानावर सही केली. बोधचिन्ह म्हणून विमानाऐवजी शिडीची एक साधी पायरी काढली. कार्यालयात जाऊन काका पहिल्या इन्स्पेक्टरांना भेटले आणि माफी मागितली, मात्र ती मागताना त्यांच्या टेबलाच्या हलणाऱ्या पायाला चिठ्ठी बांधून आले. पहिला धडा पडला तो एकशे आठव्या चुकीचा. नावानिशी, बेचाळीस पानं आणि दोन सेकंद या आकड्यांसकट.

सेक्रेटरींना तो वाचून इतका आनंद झाला की त्यांनी त्याची छापील प्रत लिफ्टशेजारी लावली. डॉक्टरांनी लिहिलं, मी आधीच सांगणार होतो. दोनशे बारा सभासदांपैकी नऊच नव्या जागी आले होते. काकांनी ते मोजलं आणि पुन्हा चिडायला सुरुवात केली, नेहमीचं. काकूंना हायसं वाटलं.

"नऊ! अख्ख्या जगाला आकाशाचं वेड, आणि आपली चूक सांगायची म्हटली की नऊ! त्यांतला एक जण गाड्या कुठे लावायच्या ते विचारतोय!"

पुढच्या सोमवारी सकाळी साडेआठला, कारखान्यातल्या जुन्या वेळेला, धड्याखाली एक नवीन मजकूर मंजुरीसाठी येऊन थांबला. काकांनी चष्मा लावला. मजकूर मौनीचा होता.

'आठ बोटांनी लिहितोय, चुका होतील. एकोणिसावी चूक. त्या दिवशी फॉर्मवर खीळ लावल्याची टिक मीच केली होती. सकाळी सगळ्या टिका एकदम करून टाकल्या, मग खीळ लावायची राहिली, मग वाटलं टिक आहे म्हणजे लावली असेल. तुम्ही माझ्यासाठी साहेबाशी भांडलात, नोकरी सोडलीत. मला सांगायचं होतं, पण पायरी बंद झाली होती. तुम्ही परवा चढलात म्हणून आज चढतोय. संपलं.'

काकांनी ते चार वेळा वाचलं. काकू दारात उभ्या होत्या. "कुणावर चिडलात आता?" त्यांनी विचारलं. काकांनी मजकूर मंजूर केला आणि खाली उत्तराच्या चौकटीत 'ऐकलं' लिहायला घेतलं. दहा बोटं धडधाकट असूनही तेवढा एक शब्द लिहायला त्यांना बराच वेळ लागला.